कापड पळतंय: टोपडं, कुंची आणि खिशावर नाव बिघडतं तेव्हा

चादरीच्या कोपऱ्यावर सुरेख येणारं नाव टोपड्यावर घेतलं की बिघडतं, हे ज्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होतंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी नाशिकला सिडकोत राहते आणि घरीच एका सुईच्या भरतकामाच्या मशीनवर बाळंतविड्याची कामं करते. कुंची, टोपडं, झबलं, दुपटं आणि त्यावर बाळाचं नाव. मधूनमधून ढोल पथकाचे कुर्ते येतात, संक्रांतीच्या आधी वाणाच्या पोटल्या येतात. फ्रेममध्ये, म्हणजे भरताना कापड धरून ठेवणाऱ्या दोन कड्यांमध्ये, सरळ बसेल असं कापड माझ्याकडे क्वचितच येतं.

दुखणं असं होतं. मशीन सुरू झालं की पहिली दोन अक्षरं छान. तिसऱ्या अक्षरापासून कापड किंचित फुगायला लागायचं. शेवटी शिरोरेषा फिरायची आणि ती अक्षरांना टेकायच्या ऐवजी मिलिमीटर-दीड मिलिमीटर वरच राहायची. वाळत घातलेले कपडे दोरीवरून सुटून खाली लोंबावेत तशी अक्षरं दिसायची.

मी आधी दोऱ्याला दोष दिला. मग सुया बदलल्या. मग पंचिंगवाल्याशी, म्हणजे नावाची मशीनवर चालणारी फाइल करून देणाऱ्याशी, भांडले. बॉबिनचं टेन्शन इतक्या वेळा फिरवलं की मूळ कुठे होतं तेच विसरले. शेवटी मशीनवाले दादा घरी आले. त्यांनी साध्या कॉटनचा तुकडा फ्रेमला लावला, माझीच बिघडलेली फाइल चालवली आणि नाव आलं छापल्यासारखं. "ताई, मशीनला काही झालेलं नाही. कापड पळतंय तुमचं," म्हणाले, चहा घेतला आणि गेले.

म्हणून पहिली तपासणी हीच करा. ज्या फाइलवर शंका आहे ती, तोच दोरा आणि तीच सुई ठेवून, फ्रेमच्या चारही बाजूंनी बाहेर येईल एवढ्या कॉटनच्या तुकड्यावर चालवा. तिथेही नाव बिघडलं तर टेन्शन, सुई, पंचिंग बघा, पुढचं वाचायची घाई नाही. तिथे चांगलं आलं तर मशीनचा स्क्रूसुद्धा फिरवू नका. दोष कापड धरण्यात आहे.

शिरोरेषेकडे बघा

इंग्रजी अक्षरं भरणाऱ्यांना ही सोय नाही, आपल्याला आहे. माझ्या फाइलींत अक्षरं आधी भरली जातात आणि संपूर्ण नावाची शिरोरेषा सर्वांत शेवटी एका दमात येते. तुमच्या फाइलीत प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असेल तर पंचिंगवाल्याला एकसंध रेघ करून मागा. दिसायला चांगली दिसतेच, शिवाय कापड कुठे आणि कसं हललं ते ती सांगून जाते.

नाव सगळंच तिरकं आहे, पण रेघ अक्षरांना नीट टेकली आहे? मग कापड भरताना हललेलं नाही, तुम्ही लावतानाच तिरकं लावलं आहे. रेघ सरळ आहे पण अक्षरांपासून सगळीकडे सारखीच सुटली आहे? कापड एका दिशेने घसरलं. डावीकडे टेकली आहे आणि उजवीकडे जाता जाता फट वाढत गेली आहे? कापड एकाच बाजूने घट्ट धरलेलं होतं, दुसरी बाजू मोकळी होती. टोपड्यावर हे हमखास होतं. रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे टोक काढून उभी आहे आणि मध्ये कापड चुरगळलंय? मग टाक्यांनी कापड आत ओढलंय आणि खालचा पेपर (कापडाला आधार द्यायला भरताना खाली लावतात तो) त्याला आवरायला कमी पडलाय. आणि पाचवा प्रकार सगळ्यांत फसवा: फ्रेममध्ये असताना नाव एकदम देखणं, बाहेर काढलं की दहा मिनिटांत सुरकुत्या. हे होजिअरीचं, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाचं काम. लावताना ताणून बसवलं, सुटल्यावर ते मूळ मापाला आलं, टाके मात्र ताणलेल्या मापाचेच राहिले.

पहिल्या प्रकाराबद्दल एक हिशोब सांगते. नाव ६० मिलिमीटर लांब असेल आणि कापड फक्त २ अंशांनी फिरलं असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ मिलिमीटरचा फरक पडतो. २ अंश डोळ्यांना लावताना कळत नाहीत. टोपड्याच्या काठाशेजारी २ मिलिमीटर मात्र बाळाच्या आत्यालाही लांबून दिसतात.

छोटी वस्तूच का

फ्रेमच्या दोन कड्यांमध्ये कापड सगळ्या बाजूंनी दाबलं गेलं तरच ते टाक्यांची ओढ सहन करतं. सुई वर येताना कापडाला थोडं वर उचलते, टाका आवळताना आत ओढतो. एका नावात असे काही हजार टाके. टोपड्याचा पुढचा पट्टा जेमतेम तीन-चार बोटं रुंद, तो दोन कड्यांत दोन ठिकाणीच सापडतो. उरलेल्या दोन बाजूंना धरायला कापडच नाही. त्यात कुठे दुमड, कुठे जाड शिवण आली की कडी तिथे अडकून बसते आणि शेजारच्या पातळ भागावर तिची पकड राहत नाही. मग आपण स्क्रू आणखी आवळतो. मखमलीवर कडीचा वळ उठतो, पकड तरीही येत नाही.

वस्तू फ्रेममध्ये बसवायचा हट्ट सोडला, तेव्हा माझं काम सुधारलं.

पेपर फ्रेममध्ये, वस्तू वर

आता पद्धत. एकच सविस्तर सांगते, कॉटनच्या कुंचीची, कारण ही जमली की बाकीच्या सुचतात.

नाव मावेल अशी सगळ्यांत लहान फ्रेम घ्या. माझी ४×४ इंचांची आहे, तिच्यात १००×१०० मिलिमीटरपर्यंत भरता येतं. मोठी फ्रेम घेतली तर मधला पेपर सैल राहतो. फ्रेममध्ये फक्त पेपर लावा. कापड नाही. बाहेरची कडी टेबलावर, तिच्यावर पेपर, वरून आतली कडी दाबायची. स्क्रू आवळल्यावर पेपरवर टिचकी मारा, डफलीसारखा आवाज यायला हवा. ढोलांच्या गावात राहून सैल पानाचा आवाज ओळखता येत नसेल तर अवघड आहे. भद भद वाजलं की काढा आणि पुन्हा लावा. स्क्रू आवळून झाल्यावर बाजूने ओढत बसू नका.

मग पेपरवर पेन्सिलने एक आडवी आणि एक उभी रेघ मारा, फ्रेमच्या कडेवर असलेल्या खुणांवरून. आता कुंचीवर खूण. इथे बहुतेक जण कापडाचा मध्य काढतात आणि फाइलचा मध्य त्यावर आणतात, आणि तिथेच देवनागरी दगा देते. मशीन मध्य काढतं ते सगळ्या टाक्यांचा, म्हणजे वेलांट्या, रफार, उकार सगळं धरून. "ईश्वरी" लिहिलं तर वर भरपूर पसारा, मध्य वर सरकतो. "कृष्णा" लिहिलं तर पसारा खाली. जुळ्यांच्या दोन कुंच्यांवर मी दोन्ही नावं अगदी मधोमध भरली होती आणि शेजारी ठेवल्यावर एक नाव वर, एक खाली. तेव्हापासून मी कापडावर मध्य नाही, शिरोरेषा आखते. नाव खऱ्या मापात कागदावर छापते, त्यातल्या शिरोरेषेवर कात्रीने कापते, तो कागद कापडावर ठेवते आणि काठापासून दोन ठिकाणी पट्टीने अंतर मोजून तिथेच रेघ आखते. पाण्याने जाणारं निळं पेन वापरत असाल तर ती रेघ धुवून निघेपर्यंत इस्त्री लावू नका, उष्णतेने ती पक्की बसते.

चिकटवायला दोन पर्याय. एक, तात्पुरता चिकटणारा स्प्रे. तो मशीनपासून लांब, एखाद्या खोक्यात धरून, पेपरवर मारायचा, कापडावर नाही, आणि वीतभर अंतरावरून हलकासा. दुसरा, चिकट पेपर. तो फ्रेमला लावताना चकचकीत बाजू वर ठेवायची, टाचणीच्या टोकाने त्यावर हलकी फुली ओढायची आणि वरचा थर सोलून काढायचा. टाचणी जोरात दाबली तर खालचा पेपरही चिरतो आणि भरताना तिथून फाटत जातो.

कुंची उलगडून तिच्यावरची रेघ पेपरवरच्या रेघेला जुळवून टेकवा. मधून बाहेर, तळहाताने. ताणायचं नाही. ओढून चिकटवलेलं कापड म्हणजे आधीचीच चूक नव्या जागी.

आणि यानंतरची पायरी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे, जी घाईत सगळे गाळतात: नावाभोवती कच्च्या टाक्यांची चौकट. पुष्कळ मशीनमध्ये तिचं बटण असतं. नसेल तर ५-६ मिलिमीटरच्या लांब टाक्यांचा एक आयत फाइलच्या सुरुवातीला घालून घ्या. तेही जमत नसेल तर हातसुईने धावदोरा घाला. गोंद कापडाला जागेवर ठेवतो, ओढ सहन करतो तो हा दोरा. तो घातला की तिथेच थांबा आणि बघा, चौकट कुंचीच्या काठाला समांतर आहे का? नसेल तर कापड सोडवायची गरज नाही. बऱ्याच मशीनमध्ये डिझाइन एकेक अंशाने फिरवता येतं. कापड सरळ करण्यापेक्षा नाव फिरवणं सोपं.

वेग कमी करा. मी छोट्या वस्तू मिनिटाला ४००च्या आसपास टाक्यांवर चालवते. नाव लहानच असतं, वाचून वाचणार किती वेळ?

तरीही बिघडतंय?

वस्तू वर चिकटवूनही नाव हलत असेल तर पेपरच हलतोय. फ्रेमच्या कडीवर आणि पेपरवर मिळून पेनने चार ठिकाणी आडव्या खुणा करा. भरून झाल्यावर त्या तुटलेल्या दिसल्या, तर पेपर आत ओढला गेला. जुन्या प्लास्टिक कड्या गुळगुळीत होतात. आतल्या कडीला सुती नाडी घट्ट, एकावर एक न चढवता गुंडाळा आणि टोक टाक्याने पक्कं करा. माझ्या फ्रेमला परकराच्या नाडीचा तुकडा आहे आणि त्याने कडीला पकड आली.

खुणा जागेवर आहेत पण कापड सुईबरोबर वरखाली उडतंय, तर कुठेतरी शिवण किंवा दुमड फ्रेमच्या भिंतीवर चढून बसली आहे आणि कापड पेपरपासून उचललं जातंय. टोपड्याच्या नाडीची गाठ हा नेहमीचा गुन्हेगार. नाव सरकवा किंवा नाडी आधी उसवा.

टाके सुटायला किंवा दोरा तुटायला लागला तर सुई हाताला चिकट लागते का बघा. गोंद बसलेला असतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. स्प्रे जास्त झालाय हे त्यावरून समजून घ्या.

आणि आता माझी फजिती. टोपडं चिकटवलं, चौकट घातली, सगळं नीट, आणि मी भाजीला फोडणी द्यायला आत गेले. परत आले तर टोपड्याची मागची बाजू फ्रेमखाली सरकलेली आणि "अर्णव" या नावाने पुढचा-मागचा पदर एकत्र शिवलेला. डोकं घालायला जागाच नाही. एकेक टाका मागून कापायला संध्याकाळ गेली. तेव्हापासून उरलेलं कापड बाहेरच्या बाजूला गुंडाळून चिमट्यांनी पकडते, फ्रेम जोडल्यावर खालून बोट फिरवते, आणि सुरू करण्याआधी डिझाइनची बाहेरची हद्द मशीनला एकदा फिरवून दाखवायला लावते. चिमटा मशीनच्या दांड्याला आपटणार असेल तर तो तेव्हाच कळतो. सुई कडीवर आपटून तुटण्याचा आवाज एकदा ऐकलेला माणूस ही फेरी चुकवत नाही. आणि फोडणी आधी.

कापडाप्रमाणे

झबल्याच्या होजिअरीला फाडायचा पेपर चालत नाही, तो भरतानाच टाक्यांच्या रेघेवर फाटतो. कापायचा, मागे कायम राहणारा पेपर लावा आणि बोथट टोकाची सुई घ्या, ७५/११ची. बोरन्हाणाचं काळं झबलं असेल तर खुणेला पांढरा खडू पुरतो. पेपर मागे राहणार, म्हणजे बाळाच्या अंगाला लागणार, त्यामुळे आतून मऊ अस्तराचा तुकडा लावून द्या. तान्ह्याचं झबलं इतकं लहान असतं की बाजूची शिवण उसवल्याशिवाय ते सपाट होतच नाही. ते उसवा.

टॉवेल आणि रुमालाच्या कोपऱ्याला धरायला जागा नसते, तिथे चिकट पेपरला पर्याय नाही. टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्मही ठेवा, नाहीतर टाके लुपांमध्ये बुडतात आणि शिरोरेषा अर्धी दिसेनाशी होते. मखमल फ्रेममध्ये कधीच आवळू नका. वळ उठलाच असेल तर वाफ दाखवा, थेट इस्त्री टेकवू नका.

पैठणीची कुंची हा वेगळाच विषय. येवला आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आजीची जुनी पैठणी घेऊन येणाऱ्या घरांना तोटा नाही. ते कापड पुन्हा मिळणार नसतं. त्यावर स्प्रे नाही, चिकट पेपर नाही, निळं पेनही नाही, कारण पाण्याचा डागसुद्धा रेशमावर दिसतो. खूण दोऱ्याने करायची. नावाभोवतीची चौकटही मशीनने घालायची नाही, सुईची भोकं रेशमात राहून जातात. मी कापड शिवणीत जाणाऱ्या कडेवरच हातसुईने पेपरला टाचते आणि अशी कुंची फक्त शिवायच्या आधीच घेते. शिवलेली आली तर परत पाठवते. एका आजींना ते आवडलं नव्हतं. "एवढंसं नाव काढायला एवढे नखरे?" म्हणाल्या. जरीवर सुई पडून तार तुटली असती तर त्या काय म्हणाल्या असत्या, तेवढं मी मनातच ठेवलं.

देवनागरी अक्षर फार बारीक करू नका, हेही इथेच सांगते. इंग्रजीची ६-७ मिलिमीटरची अक्षरं वाचता येतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षराची गर्दी, त्यामुळे शिरोरेषेपासून पायापर्यंत १० मिलिमीटरच्या खाली मी जात नाही.

उसवायचं कधी

ढोल पथकाचे तयार कुर्ते आले होते, खिशावर चिन्ह हवं होतं. मी खिशाच्या आत पेपर सरकवून, खिसा ओढून फ्रेममध्ये कोंबायचा प्रयत्न केला. पहिल्याच कुर्त्याचा खिसा शिवला गेला, पुढच्या दोघांचं चिन्ह कलंडलं. मेन रोडला कपडे शिवणारे एक काका आहेत, त्यांना विचारायला गेले. त्यांनी खिसा उलटसुलट करून पाहिला, ब्लेड काढलं आणि बोलता बोलता तीन बाजूंची शिवण उसवून खिसा माझ्या हातात ठेवला. "हा घे सपाट. दोन मिनिटांचं काम. तू अर्धा तास झटापट कशाला करतेस?"

खिसा सुटा झाला की तो चिकट पेपरवर एका वेळी दोन-दोन बसतात. एक निघाला की पेपरला पडलेल्या भोकाखाली त्याच पेपरचं ठिगळ खालून चिकटवायचं आणि पुढचा लावायचा. फ्रेम पुन्हा लावावी लागत नाही, पेपरही कमी लागतो. खिसा परत शिवायला काकांनी जे घेतलं ते मी दरात धरलं. गिऱ्हाईकाला आधीच सांगायचं: शिवलेल्या कपड्यावर वेगळा दर, सुट्या भागावर वेगळा. पुढच्या वेळी पथकाने खिसे न लावलेले कुर्ते पाठवले.

बाही, कॉलर, पोटलीचं तोंड, सगळ्यांना हाच विचार. शिवण उसवून वस्तू सपाट होत असेल आणि परत शिवताना डाग दिसणार नसेल तर उसवा. पोटल्या तर शिवायच्या आधीच एका सलग कापडावर भरून घ्याव्यात आणि मग कापाव्यात, एकेक करून फ्रेमला लावणं हा निव्वळ वेडेपणा आहे.

चुंबकाच्या फ्रेमबद्दल बऱ्याच जणी विचारतात. चांगली असते, जाड शिवणीवर वळ न उठवता पकडते. पण अरुंद पट्ट्याला दोन बाजूंनीच धरायचा प्रश्न तीही सोडवत नाही, आणि बोट मध्ये सापडलं तर डोळ्यांत पाणी येतं. घरात कोणाला पेसमेकर असेल तर तिला त्या माणसापासून लांबच ठेवा.

बाळाचे मोजे मी घेत नाही. एका सुईच्या सपाट मशीनवर मोज्याची नळी फ्रेमभोवती पसरता येत नाही. उसवायला त्याला शिवण नसते आणि ताणून चिकटवला तर पायात गेल्यावर नावाची माळ होते. ज्यांच्याकडे नळीत जाणाऱ्या दांड्याचं अनेक सुयांचं मशीन आणि मोज्याची वेगळी फ्रेम आहे, त्यांच्याकडे ते काम पाठवते. गेल्या आठवड्यात एक ताई सहा जोड घेऊन आल्या होत्या. त्यांना त्याच रंगाचे सहा रुमाल आणायला सांगितलं.